जुनं शे, पन चालस

कॉम्प्युटरशी खानदेशाचं नातं जुळलं ते तुपातून. २९ डिसेंबर १९४५ ला अमळनेरात ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ नावाची कंपनी निघाली. वनस्पती तूप करायचं आणि जोडीला कपडे धुण्याचा साबण, एवढाच तिचा पसारा. पुढे नाव आखडून विप्रो झालं, १९८० च्या दशकात कंपनी कॉम्प्युटर बनवू लागली आणि २०१३ साली तिने स्वतःच्या नावाचे कॉम्प्युटर बनवणं बंदही केलं. तुपाच्या काळात ज्यांनी शेअर घेऊन ट्रंकेच्या तळाशी ठेवले त्यांच्या गोष्टी अमळनेरात अजून चवीने सांगितल्या जातात. ज्यांनी विप्रोचा लॅपटॉप घेतला त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. शेअर पडून राहिला तर कधीकधी त्याची किंमत फुगते; लॅपटॉप पडून राहिला तर त्याची बॅटरी फुगते.

तरीही जळगाव-धुळ्यात जुना लॅपटॉप घेणाऱ्यांची वाण नाही. कॉलेजचा पोरगा घेतो, टायपिंगच्या परीक्षेला बसणारी मुलगी घेते, त्यांना गरज असते. पण दुकानदाराचा खरा कस पाहणारं गिऱ्हाईक वेगळंच. घरात एक चांगला कॉम्प्युटर असताना ‘आपला एक साधासा दुसरा असू द्यावा’ म्हणून ते निघालेलं असतं. हे गिऱ्हाईक बहुधा निवृत्त. कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी, कुणी भुसावळच्या रेल्वेतून सुटलेले, कुणी पाटबंधारे खात्यातले. घरातला पहिला कॉम्प्युटर यांच्याच पैशांनी आलेला असतो, पण त्यावर दिवसा सुनेची पुण्याची कंपनी, संध्याकाळी नातवाचा अभ्यास आणि रात्री मुलाची क्रिकेटची मॅच. गुरुजींचा नंबर लागेपर्यंत महाभूमीची वेबसाइट तरी बंद पडते, नाहीतर गुरुजींचा डोळा तरी लागतो.

तसं काम फार नसतं. सातबारा बघायचा, वीजबिल भरायचं, निवृत्तिवेतनाची पावती काढायची, रावेरच्या केळीचा भाव बघायचा आणि आवाज बारीक करून यूट्यूबवर अहिराणी गाणी ऐकायची. एवढ्यासाठी नवा कशाला? या ‘कशाला’पासून खर्चाला सुरुवात होते.

जळगावात या शोधाचं पहिलं ठिकाण म्हणजे गोलाणी मार्केट. मोबाइल, प्रिंटर, चार्जर, दुरुस्ती, कव्हर, काच बदलून मिळेल, असं सगळं एका छताखाली आणि एकमेकांच्या अंगावर. पण अस्सल खानदेशी माणूस एका गावच्या भावावर विश्वास ठेवत नाही. जळगावचा भाव कळला की तो धुळ्याला जातो. मध्ये एरंडोल, पारोळा, सव्वाशे खड्डे आणि नव्वदेक किलोमीटर. तिथे सरळ रेषेत आखलेल्या रस्त्यांवर गल्ली नंबर विचारत तो दुकानं पालथी घालतो, पाचकंदीलला चहा घेतो आणि जळगावचा भाव पाचशे रुपयांनी कमी सांगून बघतो. धुळ्याचा दुकानदारही कच्च्या गुरूचा चेला नसतो. तो विचारतो, “मग काका, तिथूनच का नाही घेतला?”

एसटीचं भाडं धरलं तर ही घासाघीस पूर्वी आतबट्ट्याची होती. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट झाला आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट. धोरण आखणाऱ्यांच्या मनात तीर्थयात्रा, दवाखाने आणि माहेरपण असावं. एका लॅपटॉपसाठी दोन जिल्ह्यांचे दुकानदार एकमेकांविरुद्ध खेळवण्याची सोय आपण करून देतोय, हे त्यांच्या ध्यानात आलं नसणार.

लॅपटॉप येतात कुठून, हेही बघण्याजोगं. पुणे-बंगळूरच्या कंपन्या लॅपटॉप बऱ्याचदा भाडेकरारावर घेतात. तीन-चार वर्षांनी करार संपला की सगळा माल एकदम बाहेर पडतो, लॉट करून विकला जातो. दिल्लीचं नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड असे टप्पे घेत घेत त्यातले काही खानदेशात उतरतात. म्हणून गोलाणीत दिसणारी नावं टीव्हीवरच्या जाहिरातीत दिसत नाहीत. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक. हा कचेरीचा माल. दिसायला काळा, कंटाळवाणा, वजनदार. पण कंपनीला एकदम हजार नग विकायचे आणि दुरुस्तीही आपणच करायची म्हटल्यावर कारखान्याने तो उघडायला सोपा, बिजागरीला दणकट आणि कीबोर्डवर चहा सांडला तर तग धरेल असा केलेला असतो. बऱ्याच थिंकपॅडच्या कीबोर्डखाली तर पाणी खाली जायला चक्क भोकं असतात. थिंकपॅड १९९२ साली आयबीएमने आणला, २००५ मध्ये लेनोवोने तो धंदा विकत घेतला, पण कीबोर्डच्या मधोमध असलेला लाल ठिपका राहिला. तो माउसचं काम करतो, हे माहीत नसलेली माणसं तो नखाने काढायचा प्रयत्न करतात.

पाठीवर जुन्या मालकाचं स्टिकर असतं, मालमत्ता क्रमांकासह. दुकानदार ते खरवडत नाही. उलट अंगठ्याने पुसून दाखवतो. “बघा काका, कंपनीचा माल. घरगुती वापर नाही झालेला.” मोटारसायकल विकताना हाच दुकानदार घरगुती वापराची शपथ घेतो.

आता परीक्षा. सारंगखेड्याचा घोडेबाजार असो की धुळ्याचा बैलबाजार, जनावर घेणारा आधी तोंड उघडून दात बघतो. दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. विकणाऱ्याने वय काहीही सांगो, दात खोटं बोलत नाहीत. लॅपटॉपचे दात प्रोसेसरच्या नावात असतात. आय-५ लिहिलंय म्हणजे भारी, असं सांगून विकणारे पुष्कळ, पण आय-५ ही नुसती जात झाली. वय त्यापुढच्या आकड्यात. ३३२० असेल तर तिसरी पिढी, म्हणजे २०१२ च्या सुमाराचा. ६३०० असेल तर सहावी. ८३५० असेल तर आठवी, २०१७-१८ चा. सातव्या पिढीपर्यंतच्या अशा पातळ लॅपटॉपांत आय-५ आणि आय-७, दोघांच्या पोटात दोनच कोर असत. आठव्या पिढीत ते चार झाले. त्यामुळे आठव्या पिढीचा आय-५ सातव्या पिढीच्या आय-७ ला सहज मागे टाकतो. तरीही ‘सात मोठे की पाच?’ या हिशेबाने जास्त पैसे मोजून जुना आय-७ नेणारी माणसं रोज भेटतात आणि दुकानदार त्यांना दारापर्यंत सोडायला येतो.

आठव्या पिढीचं महत्त्व वाढलं त्याला एक तारीख कारण आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ आणताना अट घातली: टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय हवी आणि इंटेलचा असेल तर प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा, मोजके अपवाद वगळून. मग १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबला. घरगुती वापराच्या यंत्रांना नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ. म्हणजे सातव्या पिढीचा, धडधाकट, चांगल्या पडद्याचा लॅपटॉप एका रात्रीत म्हातारा ठरला. त्याचं काहीच बिघडलं नव्हतं. कागदावर वय झालं होतं. अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर सत्कार, शाल आणि नारळ घेऊन घरी आलेल्या गुरुजींना हा न्याय समजावून सांगावा लागत नाही. अशा लॅपटॉपांबद्दल त्यांना एकदम जिव्हाळा वाटतो आणि दुकानदार तो जिव्हाळा सातव्या पिढीच्या मालाकडे वळवतो.

जाणकार सोबत असेल तर तो आणखी चार गोष्टी बघतो. बिजागरी उघडझाप करून. पडद्यावर पांढरा रंग लावून, कुठे डाग आहे का ते. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढून, कारण त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी शेजारी लिहून येते आणि ‘बॅकअप एकदम ओके’ या वाक्याचा तिथल्या तिथे निकाल लागतो. आणि सर्वांत महत्त्वाचं, बायोसला पासवर्ड तर नाही ना, आणि विंडोज नव्याने टाकल्यावर जुन्या कंपनीचं लॉगिन तर मागत नाही ना. काही कंपन्यांची यंत्रं मायक्रोसॉफ्टकडे कंपनीच्या नावावर नोंदलेली असतात. ती नोंद काढायची राहून गेली, तर जळगावात गुरुजींच्या देवघराशेजारी उघडलेला लॅपटॉप बंगळूरच्या एखाद्या कंपनीतर्फे त्यांचं स्वागत करतो आणि कर्मचारी म्हणून ईमेल मागतो. सत्तराव्या वर्षी आयटीत नोकरी लागल्याचा आनंद पासवर्ड विचारेपर्यंत टिकतो.

‘टेस्टिंग वॉरंटी’ हा या बाजारातला आणखी एक शब्द. तिचा अर्थ असा, की दुकानात चालतोय तोवर चालतोय.

कीबोर्डची मजा वेगळी. परदेशातून आलेल्या मालात कधी जर्मन कीबोर्ड निघतो, त्यात वाय आणि झेड यांनी जागा बदललेल्या असतात. आखातातून आलेल्यावर इंग्रजीच्या शेजारी अरबी अक्षरं. एरवी हा दोष, त्यापायी किंमत उतरते. पण मराठी टाइप करणाऱ्याला त्याचं सोयरसुतक नाही. इन्स्क्रिप्ट पद्धतीत एच दाबल्यावर प येतो, जे दाबल्यावर र आणि एल दाबल्यावर त. हे बटणावर कुठेच छापलेलं नसतं, बोटांना पाठ असावं लागतं. त्यामुळे बटणावर अरबी, मनात अहिराणी आणि पडद्यावर ग्रामपंचायतीला उद्देशून शुद्ध प्रमाण मराठीतला तक्रारअर्ज, हे धुळ्यात बिनबोभाट चालतं. सवलतीत मिळालेला कीबोर्ड बघून शेजारचे सर मात्र हळहळतात, आपण उगाच इंग्रजीला पैसे मोजले.

लॅपटॉप घरी येतो. पेढे आणत नाहीत, कारण जुना आहे. पण कुंकवाचं बोट लावतात, कारण यंत्र आहे. मग तो सुरू करतात. आणि इथे अपग्रेडचं पर्व सुरू होतं.

पहिले काही दिवस गुरुजी बटण दाबून अंघोळीला जातात. परत येतात तेव्हा पडद्यावर गोल गोल फिरत असतं. यात प्रोसेसर निर्दोष असतो. दोषी असते ती आतली हार्डडिस्क. स्वस्त लॅपटॉपात ती मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एक फेरा पुरा व्हायला अकरा मिलिसेकंद. ऐकायला झपाटा वाटतो, पण विंडोज सुरू होताना हजारो बारीकसारीक फाइली वेगवेगळ्या जागांवरून उचलाव्या लागतात आणि प्रत्येक वेळी वाचणारं डोकं सरकवून तबकडी फिरून येईपर्यंत थांबावं लागतं. सेकंदाला अशा जेमतेम शंभरेक जागा गाठल्या जातात. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, सगळं चिपवर. ती सेकंदाला हजारो जागा गाठते. म्हणून जुन्या लॅपटॉपात हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली की तो वेगळाच लॅपटॉप वाटायला लागतो. २०१० च्या आसपासच्या यंत्रांत साटा या जोडणीचा जुना वेग असतो, त्यात एसएसडीची धाव निम्म्यावर येते. पण निम्मी धावसुद्धा आधीच्या रांगण्यापेक्षा इतकी जास्त, की तक्रार करायला कुणी उरत नाही.

इथेच थांबलं तर हा व्यवहार शहाणपणाचा. साताठ वर्षांचा लॅपटॉप, त्यात एक एसएसडी, आणि गुरुजींची सातबाऱ्यापासून गाण्यांपर्यंतची सगळी कामं भागतात. पण एसएसडीचं यश वाईट. ते डोक्यात जातं. एका भागाने एवढा फरक पडला, तर दुसऱ्याने किती पडेल, हा विचार एकदा आला की गोलाणीचे जिने पाठ होतात.

दुसरा भाग रॅम. ४ जीबीची ८ केली की ब्राउझरला श्वास घेता येतो, हे खरं. ८ ची १६ केली की गुरुजींच्या कामात काडीचाही फरक पडत नाही, हेही खरं. पण १६ म्हटल्यावर पुण्याचा भाचा फोनवर “अरे वा, मामा!” म्हणतो, त्याची किंमत वेगळी. रॅम घेतानाही नीट बघावं लागतं. डीडीआर-३ आणि डीडीआर-४ च्या पट्टीवरच्या खाचा वेगळ्या जागी असतात, एक दुसऱ्याच्या जागेत बसतच नाही. डीडीआर-३ मध्ये पुन्हा दीड व्होल्टवाली आणि १.३५ व्होल्टवाली, चुकीची घातली तर ती बसते, पण कधी यंत्र सुरूच होत नाही. आणि काही पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डलाच डाख दिलेली. थिंकपॅड टी४८० मध्ये रॅमच्या दोन जागा मोकळ्या. त्याच्याच बारीक भावंडात, टी४८०एस मध्ये, एक रॅम डाखलेली आणि एकच जागा रिकामी. नावातल्या शेवटच्या एका अक्षरापायी रॅमची पट्टी खिशात घेऊन एरंडोलमार्गे परत आलेली माणसं आहेत.

तिसरा भाग बॅटरी. इथे मात्र खानदेशाची बाजू भक्कम आहे. वीज कधी जाईल याचा नेम नसलेल्या गावात लॅपटॉपला कुणी फिरतं यंत्र म्हणून घेत नाही, तो वीज गेल्यावर न विझणारा कॉम्प्युटर म्हणून घेतात. टी४८० मध्ये दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक मागे. आतली चालू असताना मागची काढून भरलेली दुसरी लावता येते, यंत्र बंद होत नाही. हे कळल्यावर दोन जादा बॅटऱ्या घेऊन ठेवणारे सापडतात. एवढ्या तयारीनंतर वीज जाते आणि राउटर बंद पडतो.

चौथा भाग ऋतू. हा लॅपटॉप चार वर्षं बंगळूरच्या एसीत राहिलेला असतो. त्याची बदली मे महिन्याच्या जळगावात होते. बाहेर पारा पंचेचाळीसला. लॅपटॉपचा पंखा गार हवा तयार करत नाही, खोलीतलीच हवा आतून फिरवतो. पंचविसाची हवा घेऊन ज्याला सवय, त्याला पंचेचाळिसाची मिळाली की वीस अंशांची सवलत गेली. प्रोसेसर शंभराच्या आसपास पोचला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि दुपारी दोन वाजता लॅपटॉपही गुरुजींबरोबर पेंगायला लागतो. यावर इलाज सोपा आणि स्वस्त. मागचं झाकण उघडायचं, पंख्याच्या जाळीत साठलेली धूळ काढायची, प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावायची. पण गुरुजी लॅपटॉप उचलून कूलरसमोर ठेवतात. कूलरची हवा गार असते ती पाण्यामुळे, आणि ते ओलं वारं यंत्राच्या पोटात जावं असं यंत्राला वाटत नाही. कूलरची जागा गेली म्हणून काकूंना तर मुळीच वाटत नाही.

याच दिवसांत आखाजी येते. खानदेशात अक्षय्यतृतीया म्हणजे लेकीबाळींचं माहेरपण, झोके, आंब्याचा रस आणि खापरावरचे मांडे. सोबत भाचे येतात. पुण्यात नोकरी करणारा भाचा रस-मांडे जेवून उठतो आणि लॅपटॉपकडे बघून विचारतो, “मामा, यात अजून विंडोज १० आहे?” जेवण अंगावर आलेलं असताना विचारलेला प्रश्न गुरुजींना नीट कळत नाही, ते मान हलवतात. ते जागे होईपर्यंत लॅपटॉपवर लिनक्स मिंट बसलेलं असतं.

आता लिनक्स मिंट वाईट नाही. २००६ पासून चालत आलंय, फुकट आहे, वयाने नाकारलेल्या यंत्रांवर झकास पळतं आणि मराठी इन्स्क्रिप्टही त्यात मिळतं. ब्राउझर उघडला की सातबारा तोच, गाणी तीच. सहाव्या-सातव्या पिढीच्या धडधाकट लॅपटॉपांना पुन्हा कामाला लावण्याचा हा प्रामाणिक मार्ग आहे. अडचण एवढीच, की आखाजी संपल्यावर भाचा परत जातो आणि लिनक्स मागे राहतं. मग प्रिंटर बोलत नाही, चावडीवरच्या ओळखीच्या पोराने शिकवलेली बटणं सापडत नाहीत आणि गोलाणीतला कारागीर पडदा बघून हात जोडतो, “काका, हे ज्याने टाकलं त्याच्याकडूनच करून घ्या.” पुढची आखाजी वर्षावर असते.

या सगळ्याचा अगदी उलटा संसार डीटीपीच्या दुकानांत दिसतो. लग्नपत्रिका छापणाऱ्याचा पहिला कॉम्प्युटर अजून विंडोज एक्सपीवर असतो, जिचा आधार ८ एप्रिल २०१४ लाच संपला. कारण त्यात पेजमेकर आहे, ज्याची सातवी आणि शेवटची आवृत्ती २००१ ची. युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट आहेत, आणि ते फॉन्ट चालू करणारं डोंगल मागच्या जुन्या प्रिंटरच्या खोबणीत खोचलेलं आहे. ती खोबण नव्या यंत्रांत येतच नाही. शिवाय प्रेषकांपासून किलबिलपर्यंत दोन्ही घरांतल्या सगळ्या नावांसकट शेकडो पत्रिका त्यात साठलेल्या. यंदाच्या वर्षी धाकट्याचं लग्न निघालं की थोरल्याची पत्रिका उघडून नवरा-नवरी तेवढे बदलायचे. हा कॉम्प्युटर बंद करायची कुणाची छाती नाही. त्याला इंटरनेट दाखवायचीही नाही. म्हणून गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर नमुना पाठवायला, पैसे आले का बघायला आणि जीएसटी भरायला दुसरा कॉम्प्युटर लागतो, आणि त्यासाठी सेकंडहँड लॅपटॉप येतो. त्या दुकानात तोच सगळ्यांत आधुनिक. एवढा मान त्याला बंगळूरलाही मिळालेला नसतो.

घरोघरी मात्र हिशेबाची वेळ येतेच. समजा, लॅपटॉप पंधरा हजारांचा. एसएसडी, रॅम, बॅटरी, पेस्ट, एक चार्जर, तोही एकदा बदललेला, आणि जुनी हार्डडिस्क वाया जाऊ नये म्हणून तिला बाहेरून जोडायची पेटी. एकेक खर्च एवढासा, की त्याची पावतीही कुणी मागत नाही. नवा लॅपटॉप घेतला असता तर घरात चर्चा झाली असती, मुलाने मॉडेल सुचवलं असतं, सुनेने ऑनलाइन भाव काढला असता, हप्ते पडले असते. जुन्याचं तसं नाही. त्याचे हप्ते पडतच असतात, फक्त ते हप्ते आहेत हे कुणाला कळत नाही. म्हणून तर गुरुजींना तो आवडतो. नव्याला हात लावायचा तर वॉरंटी आडवी येते. जुन्याला काहीही करता येतं. आयुष्यभर खडूने फळ्यावर यंत्राच्या आकृत्या काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर खऱ्या यंत्राचं झाकण उघडायला मिळतं आणि ते बंद केल्यावर यंत्र सुरूही होतं, हा आनंद दुसऱ्या कुठल्या दुकानात मिळत नाही.

काकूंना हे सगळं ठाऊक असतं. तांदूळ निवडता निवडता त्या एकच प्रश्न विचारतात, “कितलाले पडनं हाई?”

गुरुजी एरवी शुद्ध मराठीत बोलतात, पण अशा वेळी त्यांना मायबोली आठवते. “जुनं शे,” ते म्हणतात, “पन चालस.” आकडा येत नाही.

जुनं चालतं, हे आता सरकारलाही पटलं आहे. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, त्यात जुनी यंत्रं दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांची वेगळी नोंदणी आहे. यंत्राचं आयुष्य वाढवणं हे पुण्यकर्म आता राजपत्रात आलं. खानदेशातल्या कपाटांत ते आधीपासूनच चालू होतं. जुना चार्जर, जुनी ४ जीबीची रॅम, फुगलेली बॅटरी (ही तेवढी लगेच बाहेर काढावी, ती पेट घेऊ शकते), अर्धवट गेलेला कीबोर्ड, सगळं एका पिशवीत. भंगारवाला आला की पिशवी बाहेर येते, गुरुजी एकदा आत डोकावतात आणि पिशवी परत कपाटात जाते.

शेवटी केव्हातरी बिजागरी तुटते, नाहीतर पडद्यावर उभी रेघ येते, आणि गुरुजी लॅपटॉप घेऊन पुन्हा गोलाणीत उभे राहतात, या खेपेला विकायला. काय काय घातलंय त्याची यादी ते पाठ म्हणून दाखवतात. दुकानदार शांतपणे ऐकतो. एसएसडीचे पैसे वेगळे मिळत नाहीत. बॅटरीचे नाहीत. पेस्टचं तर नावच काढायचं नाही. मग तो मागचं झाकण उघडतो, टॉर्च मारतो आणि त्याचा चेहरा बदलतो.

कारण २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव कडाडले. एआयच्या सर्व्हरना लागणारी महागडी मेमरी बनवण्याकडे मोठ्या कारखान्यांनी आपली ताकद वळवली, जुन्या डीडीआर-४ चं उत्पादन आवरतं घेतलं, आणि डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने किरकोळ गिऱ्हाइकांसाठीचा आपला क्रूशल हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. जळगावसारख्या सोन्याच्या गावात रोज सकाळी सोन्याचा भाव बघून चहा घेणाऱ्यांना वाढत्या भावाचं नवल नाही. पण लॅपटॉपमधली एखादी वस्तू घेतल्या किमतीपेक्षा महाग विकली जाईल, हे गोलाणीलाही नवीन होतं.

“काका,” दुकानदार आवाज खाली आणून म्हणतो, “लॅपटॉप मला द्या, पण ही सोळा जीबी त्याच्यासोबत विकू नका. काढून ठेवा. अजून वाढेल.”

गुरुजी रॅमच्या दोन्ही पट्ट्या कागदात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवतात, वरून बटण लावतात. जिना अर्धा उतरतात, थांबतात आणि परत वर येतात.

“भाऊ, ही रॅम चालेल असा एखादा जुना लॅपटॉप आहे का? रिकामा चालेल.”